उद्याचं पीठ

ऑक्टोबर 2016. श्रीनगरच्या हब्बा कदल भागातल्या एका भाड्याच्या खोलीत मावसभावाने मला पहाटे पाचला हलवून उठवलं. "ऊठ, रोटी आणायचीय. सात वाजले की गल्ली बंद."

बाहेर काळोख होता. झेलमवरून येणारा गारठा कानाला झोंबत होता. गल्लीच्या तोंडाशी काटेरी तारेची वेटोळी पडली होती आणि त्यांच्याआड निमलष्करी दलाचा एक तरुण जवान उभा होता. रात्रभराचं जागरण त्याच्याही डोळ्यांत दिसत होतं. भावाने हात वर करून ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाला, "कांदुर तक जा रहे हैं, साब." जवानाने मान हलवली. शंभर पावलांवर एका दुकानाच्या फळीमागे लालसर उजेड दिसत होता. सगळ्या गल्लीत उजेड होता तो तेवढाच.

कांदुर म्हणजे काश्मीरचा रोटीवाला. तिथे सकाळची रोटी सहसा घरी भाजत नाहीत, कांदुरकडूनच आणतात. दुकान म्हणजे जमिनीत पुरलेला मातीचा तंदूर आणि त्याच्या तोंडाशी मांडी घालून बसलेला माणूस. तो पिठाचा गोळा तळहातावर थापायचा, त्याच्या पाठीवरून पाचही बोटं एकदाच ओढायचा आणि वाकून तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवायचा. बोटांच्या चाकोऱ्यांमधल्या कडा फुगून वर यायच्या, तांबूस व्हायच्या, की दोन लांब सळयांनी गिरदा बाहेर. त्या सकाळी माझ्या वाट्याला आलेल्या गिरद्यावर पाच बोटं स्पष्ट उमटलेली होती. मी ती बघत राहिलो तसा भाऊ म्हणाला, "खा, गार झाला की चिवट होतो."

रांगेत वीसेक माणसं असतील. अंगातल्या सैल फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून सगळे हळू आवाजात बोलत होते. रात्री कुठे दगडफेक झाली, कुणाच्या मुलाला उचललं, कुठला पूल खुला आहे, दवाखान्याकडे जायचं तर कोणत्या वाटेने, हे सगळं त्या रांगेत कळत होतं. इंटरनेट बंद होतं. वर्तमानपत्र येईल त्या दिवशी येत होतं. कांदुरची रांग मात्र रोज लागत होती.

मी कांदुरला सहज विचारलं, की अशा दिवसांत किती पीठ लागतं? तो तंदूरमधून मान वर न काढता म्हणाला, "आटा तो रात को गूँधना पड़ता है, जनाब. सुबह क्या होगा, ये रात को कौन बताए?"

पुढच्या नऊ वर्षांत मी तीनदा काश्मीरला गेलो. संघर्षग्रस्त प्रदेशातलं रोजचं जगणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर मला त्यानंतर कुणी दिलं नाही.

गलाईची भट्टी

माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही म्हणून शेती नाही आणि शेती नाही म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळण्याचा धंदा शिकून देशभर पांगली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे, टंच काढून द्यायचा. केरळपासून पंजाबपर्यंत जिथे सराफ कट्टा आहे तिथे आमच्याकडचा गलाईवाला सापडतो. श्रीनगरच्या हरी सिंग हाय स्ट्रीटच्या सराफ बाजारातही आहे. तिथली मराठी कुटुंबं गणपती बसवतात, याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात.

माझा मावसभाऊ विशीत तिकडे गेला. त्याच्या दुकानात एक भट्टी, चार मुशी आणि टंचाचा काटा. घरमालकीण साठीच्या पुढची. तिला सगळी गल्ली मोजी म्हणते, म्हणजे आई. भाऊही मोजीच म्हणतो. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, की परक्या मुलखातला मुलगा भाडेकरू म्हणून कसा ठेवला? ती म्हणाली, "उसकी माँ ने भी तो किसी के भरोसे भेजा है."

8 जुलै 2016 रोजी हिजबुल मुजाहिदीनचा कमांडर बुऱ्हाण वानी चकमकीत मारला गेला आणि खोरं पेटलं. पुढच्या काही महिन्यांत नव्वदच्या आसपास माणसं मेली आणि छऱ्यांच्या बंदुकांनी शेकडो जणांचे डोळे जायबंदी झाले. हे आकडे आपल्यापर्यंत पोचले. त्या काळात सत्तर लाखांच्या खोऱ्यात दूध कसं आलं, औषधं कशी मिळाली, मुलं काय शिकली, हे पोचलं नाही.

हालात

काश्मीरमध्ये एक शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू येतो: हालात. हालात खराब आहेत, हालात जरा बरे आहेत, हालात बघून ठरवू. आपल्याकडे "पावसाचं काय ते बघून" म्हणतात, तसाच तो. युद्ध, दहशतवाद, दडपशाही, आंदोलन यांतला कुठलाही शब्द उच्चारला की बोलणाऱ्याची बाजू कळते. हालात म्हटलं की कळत नाही. जिथे कोण ऐकतंय याचा भरवसा नसतो तिथल्या माणसांनी घडवलेला हा शब्द आहे.

2016 साली हालातचं छापील वेळापत्रकच होतं. फुटीरतावादी नेते दर आठवड्याला बंदचं 'कॅलेंडर' काढायचे. दुकानं कोणत्या दिवशी संध्याकाळी किती वाजल्यापासून उघडायची, ते त्यात असायचं. सरकारची संचारबंदी त्याहून वेगळी. माणसं दोन्हींचं गणित मांडून दिवस आखायची. भाऊ म्हणाला, "संध्याकाळी पाचला ढील मिळते. दोन तासांत किराणा, भाजी, न्हावी, सगळं उरकायचं." त्या दोन तासांत मी बाजारात होतो. इतक्या घाईत पण इतक्या सभ्यतेने चाललेला बाजार मी पाहिला नव्हता. कुणी भाव करत नव्हतं आणि दुकानदारही भाव चढवत नव्हते.

मोजीच्या माळ्यावर वांग्याच्या, दुधीच्या, टोमॅटोच्या वाळवलेल्या फोडींच्या माळा टांगलेल्या होत्या. तिथे याला हॉख स्युन म्हणतात, वाळवलेली भाजी. हरुद, म्हणजे शरद ऋतू आला की घरोघर फोडी उन्हात पडतात. कारण 21 डिसेंबरला चिल्लाई कलान सुरू होतं, चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, आणि बर्फाने जम्मूचा रस्ता बंद पडतो. शेकडो वर्षांची ही सवय संचारबंदीतही कामाला आली. आमच्या दुष्काळी भागात आजी कणगीच्या तळाशी एक पायली ज्वारी कधीच हलवू द्यायची नाही. मोजीचा माळा पाहिला आणि ती पायली आठवली. ज्यांना उद्याचा भरवसा नसतो, त्यांची घरं सगळीकडे सारखीच रचलेली असतात.

शेजारच्या घरात खालच्या मजल्यावर शाळा भरत होती. खरी शाळा जुलैपासून बंद. त्या शरद ऋतूत खोऱ्यातल्या दोन डझनांहून अधिक शाळांच्या इमारती जाळल्या गेल्या. गल्लीतली एक कॉलेजातली मुलगी सकाळी आठ ते दहा पंधरा-वीस मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायची. फळा म्हणून कपाटाचं दार. मुलं बूट दाराशी न काढता आत नेऊन ठेवायची, का, तर पळायची वेळ आली तर हाताशी हवेत. मला ते कुणी सांगितलं नाही. बाहेर एक मोठा आवाज झाला, तेव्हा प्रत्येक मुलाचा हात आधी बुटांकडे गेला, त्यावरून कळलं. शिकवणारी मुलगी क्षणभर थांबली आणि समीकरणाची पुढची ओळ लिहू लागली.

स्थानिक वर्तमानपत्रांत त्या वर्षी एक वेगळंच सदर वाढलं होतं: लग्नाची निमंत्रणं रद्द झाल्याच्या जाहिराती. परिस्थितीमुळे मेजवानी रद्द, निकाह साधेपणाने होईल, पाहुण्यांनी समजून घ्यावं. रोज अशा चौकटींची रांग. मोजीच्या भाचीचंही लग्न तसंच झालं. वाझवानसाठी, म्हणजे लग्नाच्या मेजवानीसाठी, दीड वर्ष पैसे साठवले होते. काश्मिरी लग्नात चार जण एका मोठ्या ताटाभोवती, त्रामीभोवती बसून जेवतात. त्या लग्नात दोनच त्रामी लागल्या.

मुका फोन

2 ऑगस्ट 2019 रोजी सरकारने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना खोरं सोडायचा सल्ला दिला. बाहेरून आलेले कामगारही निघाले. भावाने मुशी कपाटात ठेवल्या, किल्ली मोजीकडे दिली आणि 4 तारखेला गाव गाठायला निघाला. 5 ऑगस्टला कलम 370 चे विशेष अधिकार काढून घेतले गेले आणि त्याआधीच रात्रीत मोबाइल, इंटरनेट, लँडलाइन सगळं बंद झालं होतं.

भाऊ आमच्या ओसरीवर बसून रोज संध्याकाळी मोजीचा नंबर फिरवायचा. त्याला माहीत होतं लागणार नाही. मावशी म्हणायची, "अरे, सोड आता." तो सोडायचा नाही. देशात त्या दिवसांत या निर्णयावर दोन तट पडले होते आणि आमच्या गावातही पारावर जोरात चर्चा चालायची. फोन लावणारा माझा भाऊ त्यातल्या कुठल्याच तटात नव्हता. त्याला फक्त म्हातारीचं रक्तदाबाचं औषध मिळतंय की नाही, एवढंच हवं होतं.

14 ऑक्टोबरला पोस्टपेड मोबाइल सुरू झाले आणि त्याच दुपारी मोजीचाच फोन आला. भावाने स्पीकरवर टाकला. तिने आधी मावशीची तब्येत विचारली, मग म्हणाली, "परवा तुझ्या बाजारात ग्रेनेड फुटला. माणसं जखमी झाली. पोराला पाठवून बघितलं, तुझं शटर शाबूत आहे." 12 ऑक्टोबरचा तो हल्ला आम्ही बातम्यांत पाहिला होता. सत्तर दिवसांनी जोडल्या गेलेल्या फोनवर ती भाडेकरूच्या शटरची खबर देत होती. पूर्ण वेगाचं इंटरनेट खोऱ्यात परतायला फेब्रुवारी 2021 उजाडला.

नदीपलीकडचा ढोल

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मी कुपवाड्याहून फरकियाँ खिंड ओलांडून केरनला गेलो. गाव किशनगंगेच्या काठावर आहे. नदी हीच नियंत्रण रेषा. पलीकडच्या काठावरही केरनच, पाकिस्तानच्या ताब्यातलं. तिकडे नदीला नीलम म्हणतात. पात्र इतकं अरुंद, की पलीकडच्या माणसाच्या कपड्यांचा रंग ओळखता येतो. 1990 च्या सुमारास या भागातली अनेक कुटुंबं नदी ओलांडून पलीकडे गेली आणि भाऊ या काठावर, भाऊ त्या काठावर असं झालं.

मी ज्या घरात उतरलो, तिथल्या आजीची बहीण पलीकडे होती. आजी दुपारी धुणं घेऊन नदीवर जायची. धुणं थोडंच असायचं. ती नुसती उभी राहून पलीकडे बघायची, कधी हात हलवायची. हाक मारली तर पाण्याच्या आवाजात विरून जाते. त्या संध्याकाळी पलीकडे लग्नाचा ढोल वाजत होता. आजी नातवाला म्हणाली, कुणाचं असेल रे? उत्तर कुणापाशीच नव्हतं. ढोल मात्र रात्रीपर्यंत ऐकू आला.

घरामागे सिमेंटचा बंकर होता. 25 फेब्रुवारी 2021 रोजी दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा जाहीर केलं आणि तोफा थांबल्या, तेव्हापासून तो रिकामा. आता त्यात बटाटे, सरपण आणि अक्रोडांची पोती होती. घरधनी दार उघडून मला ती पोती दाखवत होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. कोठाराचा असतो तसला. किल्ली मात्र दाराच्या चौकटीला, लहान मुलाचाही हात पोचेल इतक्या खाली टांगलेली होती. ती जागा त्यांनी बदलली नव्हती.

बारा गिरदे

केरनहून परतल्यावर मी पुन्हा त्याच कांदुरच्या फळीवर बसलो. सकाळची गर्दी ओसरली होती. त्याने नून चाय दिला, मिठाचा, गुलाबी, वर सायीची गुठळी. समोर एक तीन मजली लाकडी घर होतं, खिडक्यांच्या नक्षीदार चौकटी निखळलेल्या, छपरावर गवत उगवलेलं. मी ते बघतोय हे पाहून तो म्हणाला, "बारह गिरदे. रोज़."

मला कळेना. मग त्याने गल्लीतली घरं बोटाने दाखवून मोजायला सुरुवात केली. हे बारा गिरद्यांचं घर, ते आठ, ते कोपऱ्यावरचं सोळा. ही सगळी काश्मिरी पंडितांची घरं. 1990 च्या जानेवारीत, हत्या आणि धमक्यांच्या त्या हिवाळ्यात, कुटुंबंच्या कुटुंबं रातोरात जम्मूकडे निघून गेली. जम्मू-काश्मीर सरकारने पुढे दिलेल्या आकड्यानुसार 1989 पासून 219 पंडित मारले गेले. कांदुर तेव्हा वडिलांच्या हाताखाली काम करणारा पोरगा होता. "अब्बा त्या रात्री नेहमीएवढंच पीठ मळून बसले. सकाळी घेणारंच कुणी नाही. दुपारपर्यंत तो ढीग तसाच होता. अब्बा त्याच्याकडे पाठ करून बसले होते."

नंतरच्या वर्षांत कमी झालेले गिरदेही त्याला पाठ होते. ज्या घरातला मुलगा बंदूक घेऊन गेला आणि परतला नाही, तिथला एक कमी. ज्या घरातल्या माणसाला चौकशीला नेलं आणि पुढे पत्ताच लागला नाही, तिथला एक; पण त्याची बायको आणखी कित्येक वर्षं पूर्वीइतकेच गिरदे नेत राहिली. त्याने तिला कधी विचारलं नाही. काश्मीरमध्ये अशा स्त्रियांना 'अर्ध्या विधवा' म्हणतात. कुणाच्या दुःखाला मोठं म्हणायचं आणि कुणाच्या दुःखाला खोटं, यावर आपण दूरदर्शनच्या पडद्यावर भांडतो. कांदुरच्या हिशेबात सगळे गिरदे सारख्याच वजनाचे होते.

जेव्हा पीठ मळलं नाही

22 एप्रिल 2025 च्या दुपारी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी धर्म विचारून पर्यटकांना गोळ्या घातल्या. सव्वीस माणसं गेली. त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. एक तिथलाच घोडेवाला होता. आमच्या गावात त्या रात्री चुली पेटल्या त्या उशिरा. आणि भाऊ तेव्हा पुन्हा श्रीनगरमध्येच होता.

जूनच्या अखेरीस मी गेलो तो कटऱ्याहून नव्या रेल्वेने. 6 जूनला मार्ग सुरू झाला होता. चिनाबवरच्या 359 मीटर उंच पुलावर गाडी आली तेव्हा सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला. श्रीनगरमध्ये मात्र दल सरोवरावर शिकारे ओळीने बांधलेले. हल्ल्यानंतर 48 पर्यटनस्थळं बंद केली होती आणि त्यांतली थोडीच उघडली होती. एका शिकारेवाल्याने मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

कांदुर आता थकला होता. तंदूरपाशी त्याचा मुलगा बसत होता. मी जुनाच प्रश्न विचारला. उत्तर मुलाने दिलं. 22 एप्रिलच्या संध्याकाळी मशिदीच्या भोंग्यावरून हल्ल्याचा निषेध झाला, दुसऱ्या दिवशी बंद पाळायचं ठरलं. यापूर्वीचे बंद कुणाच्या तरी हुकमाने किंवा धाकाने. दहशतवाद्यांच्या विरोधात सगळं खोरं आपणहून बंद राहिल्याचं कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. "अब्बा म्हणाले, आज पीठ मळायचं नाही. पाहुणे मारले गेलेत." 2016 मध्ये, 2019 मध्ये, महापुरात, बर्फात ज्या तंदूरने खाडा केला नाही, तो 23 एप्रिलला थंड होता.

मग 7 मे आला. त्या पहाटे भारताने सीमेपलीकडच्या दहशतवादी तळांवर हल्ले केले आणि नियंत्रण रेषेवर तोफा सुरू झाल्या. पूंछ शहरात गोळे पडले. डझनाहून अधिक नागरिक मेले, त्यांत बारा वर्षांची जुळी भावंडं होती. श्रीनगरवर रात्री दिवे बंद, आकाशात ड्रोन. मुलगा म्हणाला, "उजेड दिसू नये म्हणून तंदूरच्या तोंडावर पत्रा धरून रोट्या भाजल्या. एकाने पत्रा धरायचा, एकाने भाजायचं." त्या चारही रात्री त्यांनी नेहमीएवढं पीठ मळलं. केरनच्या घरधन्याच्या मुलाशी मी नंतर फोनवर बोललो. त्याने सांगितलं, पहिल्याच रात्री बंकरातलं सरपण आणि बटाटे बाहेर काढले आणि आजीला उचलून आत नेलं. किल्ली शोधावी लागली नाही. 10 मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबवायचं ठरलं.

एवढंच मागणं

शांतता आली की नाही, हे आपण पर्यटकांच्या आकड्यांवरून, निवडणुकीच्या टक्केवारीवरून, रेल्वे आणि बोगद्यांवरून मोजतो. त्या सगळ्याला मोल आहे. रेल्वेमुळे कांदुरच्या मुलीला जम्मूत परीक्षेला जाणं सोपं झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण माझ्यापुरतं माप वेगळं आहे. रात्री मळलेलं पीठ सकाळी खपेल, मुलगा संध्याकाळी घरी येईल, ठरलेल्या तारखेला लग्न ठरल्याप्रमाणे होईल, एवढं ज्या दिवशी कुणालाही न विचारता म्हणता येईल, त्या दिवशी मी शांतता आली म्हणेन. जम्मूच्या वस्तीत पस्तीस वर्षं राहिलेल्या बारा गिरद्यांच्या घरालाही हे म्हणता यायला हवं, पूंछमधल्या आईलाही आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जवानाच्या घरच्यांनाही. त्याहून कमी जे काही आहे, त्याला हालात म्हणतात.

2025 च्या पावसाळ्याच्या अखेरीस भावाचा फोन आला. ऑगस्टच्या अखेरच्या पावसाने जम्मू-श्रीनगर महामार्ग खचला, सफरचंदांचे ट्रक दिवसेंदिवस रस्त्यात अडकून पडले आणि पेट्यांतलं फळ सडलं. 13 सप्टेंबरपासून बडगामहून दिल्लीला सफरचंदं घेऊन मालडबे जाऊ लागले, तेव्हा बागायतदारांना जरा धीर आला. मी विचारलं, कांदुरकडे पीठ आहे का? तो म्हणाला, "आहे. त्याने जुलैतच भरून ठेवलं होतं."

दिवाळीनंतर तुमच्यातले अनेक जण काश्मीरच्या सहलीचं मनात आणतील आणि अनेक जण घाबरून बेत रद्द करतील. जमेल त्यांनी जरूर जावं. तिथे एक सकाळ हॉटेलातला नाश्ता सोडा आणि जवळच्या कांदुरच्या रांगेत उभे राहा. शेजारच्या माणसाला राजकारण विचारू नका. घरी कोण कोण आहे, ते विचारा. पहाटे पाचला फळी उघडते आणि साडेआठपर्यंत गिरदे संपतात.